खळ्यातली मॉरिस

परक्या माणसाला टेंपो घेऊन दारात पाठवायचं आणि स्वतः पुण्यात बसून राहायचं, ही कुठली रीत रं? गाडी माझ्या खळ्यात आणून टाकलीस तेव्हा मला विचारलं नाहीस, न्यायला माणूस धाडलास तेव्हाही नाही. खळं माझं आहे, एसटीचं स्टँड नाही. तुझ्या गाडीपायी यंदा भात शेजारच्या येसाजीच्या खळ्यात झोडावं लागलं, आणि त्याच्या बायकोचं तोंड अजून सरळ झालेलं नाही. एवढं बोलून घेतलं, आता पुढचं लिहिते.

प्रिय ऋषिकेश, आजीचा आशीर्वाद.

फोन का नाही केला म्हणशील. घरात फोन एकच, तो तुझ्या बापाच्या खिशात. मी बोलायला घेतला की तो तिथंच उभा. म्हणून लिहिते आहे. साक्षरतेच्या वर्गात गिरवलेली अक्षरं आहेत, नीट लागली नाहीत तर बायकोकडून, सुरभीकडून वाचून घे.

टेंपो मी रिकामा परत पाठवला. कशेळ्याचा निलेश आला होता, सोबत दोर आणि दोन गडी. म्हणाला, आजी, गाडी पनवेलच्या गिऱ्हाइकाला विकली, आज न्यायची हाय. मी म्हटलं, ने की, पण आधी मागच्या सीटवर बघ. सीटवर आपली तांबडी कोंबडी खुडूक बसलेली. निलेशने वाकून बघितलं तर तिने त्याला टोचलं. अंड्यावरची कोंबडी कोण हलवतो? गडी तर दोर गुंडाळायलाच लागले. कधी उठेल, असं निलेशने विचारलं. मी म्हटलं, तिलाच विचार.

आता गाडीचं सांगते. खालापूरच्या त्या बंगल्यामागे चिंचेखाली सडत होती, मालकाला नकोशी झाली होती, म्हणून तुला स्वस्तात मिळाली. हे तू मोठ्या कौतुकाने सांगितलंस. विलायती मॉरिस आहे, आपण तिला उभी करू, म्हणालास. तुझा बाप म्हणाला, भंगार हाय. तू म्हणालास, बाबा, तुम्हाला आयुष्यात कशाची हौस होती? आणि वाढलेल्या ताटावरून उठून गेलास. ती होळी होती. गणपतीलाही आला नाहीस. तुझी आई असती तर दोघांचे कान उपटले असते. सुनंदा गेली आणि हे काम माझ्याकडे आलं, माझा हात तिथवर पोचत नाही.

ती गेल्यापासून तुझा बाप, माझा आबाजी, कसा होता ते तू पाहिलंस. कंपनीतून सुटलेला, बायको गेलेली, ओट्यावर बसून रस्ता बघायचा. जेवलास का विचारलं तर मान हलवायचा. मी त्याच्याशी बोलणं सोडून कोंबड्यांशी बोलायला लागले, त्या निदान ओरडतात तरी.

पावसाआधी त्याने गाडीवर ताडपत्री टाकली. मग बघते तर ताडपत्रीखाली पाय दिसायला लागले. रोज सकाळी. कोणी आलं की बॉनेट पाडायचा आणि खराटा हातात घ्यायचा, जसा काही झाडत होता.

गाडीचा तळ गंजून चाळण झालेला, खालचं गवत वर आलेलं. मला वाटलं, हा एवढा राबतो आहे, आपणही हात लावू. शेण कालवलं आणि आतून छान सारवून घेतलं. दिवाळीचं अंगण सारवते तसं. आबाजीने दार उघडलं, आत बघितलं आणि ओरडला, आये, ही गाडी हाय, ओटा नाय! मग जो सुरू झाला तो थांबेना. गंज, पत्रा, वेल्डिंग, माझी अक्कल, सगळं काढलं. मी पदर तोंडात कोंबून ऐकून घेतलं. कितीतरी दिवसांनी घरात माणसाचा आवाज होता. शेण त्याने तारेच्या ब्रशने खरवडून काढलं, आणि संध्याकाळी दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या.

तिच्या दोन दारांच्या मधे वीतभर लांबीचा हात असतो म्हणे, वळताना बाहेर येतो. तो गंजून अडकला होता. आबाजीने तो तेल घालून सोडवला आणि येसाजीच्या ट्रॅक्टरची बॅटरी आणून जोडली. आता गाडी जागची हलत नाही, पण हात काढून दाखवते, डावीकडे वळते म्हणून. येसाजीचा बैल बिचकतो.

विकल्याचं तू त्याला सांगितलं नाहीस. टेंपो आला तेव्हा तो गाडीमागे उभा होता, हाताला ग्रीस. हात पुसले आणि ओट्यावर जाऊन बसला. तेव्हापासून तिथंच आहे.

कोंबडीची पिल्लं कधीच बाहेर पडली, ती खळ्यात दाणे टिपतात. निलेश परत येईल तेव्हा मला सांगायला काही उरलेलं नाही. ह्या पाकिटात रबराचा काळा तुकडा आहे, तो कचरा समजून टाकू नकोस. पुढच्या काचेभोवतीचं रबर आहे. असलंच पुण्याच्या बाजारात मिळतं का ते ऋषीला विचारायचं, असं आबाजी गाडीखालून स्वतःशीच बोलला होता, मी ऐकलं. तुकडा कापून, कागदात बांधून भिंतीतल्या देवळीत ठेवला, आणि तो भात कापायच्या आधीपासून तिथंच पडून होता. मागायला त्याची जीभ रेटत नाही. मी आज तो त्याला न विचारता उचलला. पनवेलवाल्याला काय सांगायचं ते तुझं तू बघ. मला उत्तर नको. सुरभीला लिहायला लावू नकोस. रबर मिळो न मिळो, उत्तर तू लिहायचं, आणि बापाच्या नावाने लिहायचं.

तुझीच,
आजी अंबाबाई