सुनीतीस, गाठीबद्दल

खडकी,
७ डिसेंबर २००१

प्रिय सुनीती,

तुझी ई-मेल मिळाली. दीड वर्षात पहिलीच! उत्तर मुद्दाम कागदावर लिहितेय. ऑफिसात कुठली गोष्ट कुणाच्या कानावर जाईल याचा नेम नसतो, हे मी तुझ्याकडूनच शिकले.

माझ्या मानेतली गाठ पहिल्यांदा तूच पाहिलीस, ऑफिसच्या आरशासमोर केस बांधताना. तपासणीला सुई टोचली तेव्हा मी हात धरला होता तो तुझाच. क्षय निघाला. छातीचा फोटो स्वच्छ आहे, हा गाठींचा क्षय कुणाला लागत नाही, असं डॉक्टरांनी दोघींसमोर सांगितलं. तू मानसुद्धा डोलावलीस. मी एवढंच मागितलं होतं, की माझं अमेरिकेचं पक्कं होईपर्यंत ऑफिसात बोलू नकोस.

चौथ्या दिवशी तुझा डबा पलीकडच्या टेबलावर उघडला. तीन वर्षं तुझं थालीपीठ आणि माझ्या आईचा ठेचा एकाच झाकणात असायचा. आई म्हणाली, जातीवर गेली असेल. तुझी बाजू घेऊन मी आईशी भांडले, वेडी! मग साहेबांनी बोलावून तब्येत जपायला सांगितलं, आणि माझ्या जागी तू विमानात बसलीस. साहेबांना रिपोर्टातला शब्दन्‌शब्द ठाऊक होता, आणि तो वाचलेल्या आपण दोघीच. फार लागलं गं. अजून लागतं.

गोळ्या सहा महिने घेतल्या. मध्येच गाठ उलट वाढली, तेव्हा विचारायलाही कुणी नव्हतं. डॉक्टर म्हणाले, असं होतं कधी कधी, गोळ्या सोडू नकोस. नाही सोडल्या. आता हाताला काही लागत नाही.

आणि आता तुझ्या धाकट्या बहिणीच्या मानेला गाठ, वैशाखात तिचं लग्न. तू लिहितेस, सृष्टीला तुझ्याच डॉक्टरांकडे ने, पण कुणाला कळू देऊ नकोस. सोमवारी नारायण पेठेत जाऊन तिला घेऊन गेले. रिपोर्ट आज आला. माझंच दुखणं आहे, गोळ्या सुरू केल्यात. पोरगी फार रडली. घरी आणली तर आईच्या हातचा ठेचा माझ्याच ताटातून खाल्लान. नवऱ्या मुलाला सांगायचं का, ते तिचं ती ठरवेल. माझ्याकडून कुणाला कळायचं नाही. निर्धास्त राहा, मी काही सुनीती नाही.

एके काळची तुझीच,
आम्रपाली