चाखल्याशिवाय रस काढू नये

माझी स्मृती आणि बुद्धी ठीक असल्याचे डॉ. तेजश्री देव यांनी काल मला तपासून लिहून दिले. म्हणून मी, समता प्रफुल्ल रामटेके, वय ६८, सरकारी औषध प्रयोगशाळेतून निवृत्त, राहणार गुरुग्राम, कोणाच्याही दबावाविना पुढील व्यवस्था लिहून ठेवते.

१. फ्लॅट व ठेवी मुलगी लुंबिनी हिला. खलबत्ताही तिलाच, मिक्सर आहे म्हणून तो दाराला टेकण लावू नये.

२. दुधीच्या उपयोगांची वही दीर बबन रामटेके यांना. आम्लपित्तावर रस, उष्णतेवर बियांचा मगज, झोपेसाठी डोक्याला बियांचे तेल, हे सासूबाईंचे ज्ञान. प्रयोगशाळेत त्यातले काय टिकले आणि काय नाही, ते मी शेजारी लाल शाईने लिहिले आहे. भाऊजी पार्कातल्या वीसेक जणांना रोज दुधीचा रस पाजतात, म्हणून वही त्यांच्याकडेच हवी.

३. अट एकच. रस काढण्याआधी देठाकडची फोड चाखावी. कडू लागल्यास थुंकावी, अख्खा दुधी फेकावा. कडू दुधीतले विष उकळूनही जात नाही.

अकरा वर्षांपूर्वी भाऊजींनी आमच्याच घरी ह्यांना रस काढून दिला. हे म्हणाले, "कडू आहे रे."

"दादा, औषध कधी गोड असतं का? चलो, एका दमात!"

तासाभरात रक्ताच्या उलट्या, मग चार दिवस अतिदक्षता विभाग. हे वाचले. पुढची सात वर्षे, शेवटपर्यंत, भाऊजींना विचारत, "बबन, आज काय पाजतोस?" आणि दोघे हसत. मी हसले नाही, भाऊजींशी नीट बोललेही नाही.

खरे असे की, घरात फोड चाखायचे काम माझे होते. त्या सकाळी मेट्रो चुकेल म्हणून दुधी न चाखताच ओट्यावर ठेवून गेले. निम्मा दोष माझा. हे भाऊजींना आजवर सांगितलेले नाही.

४. बाल्कनीतला वेल लुंबिनीने सांभाळावा. बी मागेल त्याला द्यावे, अट सांगून.

रविवारी भाऊजी बी न्यायला येणार आहेत. तिसरे कलम माझ्या मरणापर्यंत थांबणार नाही. चहाबरोबर मीच वाचून दाखवीन. वेलावर पहिला दुधी तयार आहे. फोड आधी मी चाखेन, मग ते.

सही: समता रामटेके
साक्षीदार: डॉ. तेजश्री देव, यशोधन कर्वे (शेजारी)
गुरुग्राम, १४ मे २०२५