मुलगी देण्याचे सगळे काळ

२ मार्च
सासऱ्यांचं श्राद्ध. जेवण झकास, अपमान त्याहून झकास.
धाकटी मेहुणी न्युंग. तिचा साखरपुडा ठरला, मुलगा ऑस्ट्रेलियन. मुलीकडून कुणीतरी इंग्रजीत दोन शब्द बोलायचे. सासरे नाहीत, म्हणजे मान थोरल्या जावयाचा, म्हणजे माझा. मी तिथल्या तिथे नमुना दाखवला, ‘वुई गिव्हड अवर डॉटर.’ माझा साडू तोआन इतका हसला की बिअर नाकात गेली. हा हॉटेलात काउंटरमागे उभा राहतो, त्यावर एवढी मिजास! म्हणे, दादा, गिव्हड नाही हो, गेव्ह! सासूबाई म्हणाल्या, मग तोआनच बोलेल.
तोआन, बघून घेईन तुला.

३ मार्च, पहाटे
संकल्प. ‘गिव्ह’ हे क्रियापद सगळ्या काळांत, सगळ्या अर्थांत पाठ करायचं. आज्ञार्थ, विध्यर्थ, संकेतार्थ, काही सोडायचं नाही. दोन आठवडे पुष्कळ झाले. मग भर साखरपुड्यात त्याचं नाक कापायचं.

९ मार्च
आमच्या व्हिएतनामी भाषेत ‘देणे’चं एकच रूप. काल दिलं, उद्या देऊ, शब्द ढिम्म हलत नाही. इंग्रजांना कुणी सांगितला होता हा उद्योग? त्यात शब्दाचा शेवट आमच्या जिभेवर टिकत नाही. बायको म्हणते, गिव्ह, गेव्ह, गिव्हन, तुमचं सगळं ‘गी’च ऐकू येतं. ती तोआनच्या बायकोची बहीण आहे. तिचं मत धरत नाही.

१७ मार्च
मोठा शोध! आपण वडीलधाऱ्यांशी बोलताना आधी ‘जी’, शेवटी ‘जी’ लावून वाक्य लांबवतो. जेवढं लांब, तेवढा आदर. इंग्रजीतही तेच असणार. नुसतं ‘गिव्ह’ म्हणजे नोकराकडे पाणी मागितल्यासारखं. ‘हॅव गिव्हन’ जरा बरं. खानदानी रूप एकच, ‘वुड हॅव गिव्हन’. याहून लांब एक आहे, पण त्यात दम लागतो.
तोआन ‘गेव्ह’वरच अडकलाय बिचारा.

२५ मार्च
अभ्यास नाही. दुकानात सीटकव्हरांची घाई, शेजाऱ्यांकडे कॅराओके, माझं पोट बिघडलेलं. न्युंग आली. म्हणाली, भाऊजी, तुम्ही नुसते हसत उभे राहिलात तरी चालेल. हिला रोज होंडावर शाळेत कुणी सोडलं? तोआननं हिलाही फितवलंय.

११ एप्रिल
बाकीचे काळ राहिले. हरकत नाही, सुडाला एक वाक्य बास. तो बोलायला उठला की माइक हिसकावून घ्यायचा. निळा रेशमी आव याय, आमचा सणासुदीचा लांब अंगरखा, इस्त्री करून टांगलाय.

१२ एप्रिल
पानं, सुपाऱ्या, लाल झाकणांची तबकं, सगळं रीतसर. तोआननं घसा खाकरला, मी माइक ओढला. शेवटचं अक्षर न् अक्षर दाताखाली धरून खणखणीत बोललो, ‘वुई वुड हॅव गिव्हन यू अवर डॉटर.’
सगळ्यांचे डोळे माझ्यावर. मला वाटलं, भारावले. मग मुलाच्या आईच्या हातातला चहा सांडला. बाप उठून उभा राहिला. न्युंग रडत आत पळाली. तोआन कानाशी येऊन म्हणाला, अहो दादा, काय बोललात हे? ‘मुलगी तुम्हाला दिली असती’! म्हणजे आता देत नाही!

१३ एप्रिल
काल पुढचं लिहवलं नाही.
तोआननं माइक घेतला. आधी पाहुण्यांना सांगितलं, मग आम्हाला आमच्या भाषेत. म्हणे, आमच्या दादांनी या पोरीला लेकीसारखं वाढवलंय, ‘दिली’ म्हणायला त्यांची जीभ रेटत नाही. सासूबाई ढसाढसा रडल्या. व्याह्यांनी मला मिठी मारली. न्युंग बाहेर आली, माझा हात धरून म्हणाली, भाऊजी, मला कधी बोलला नाहीत हो! मीही रडलो. संतापानं.

१४ एप्रिल
बायकोनं ड्युरियनचं फळ देऊन तोआनकडे पिटाळलं, आभार मानायला. मानले. तो म्हणाला, त्यात काय दादा, वेळेला सुचलं ते ठोकून दिलं. लग्नात मात्र काही बोलू नका, एवढी कृपा करा. मी बरं म्हटलं.
न्युंग जूनमध्ये जाणार. सकाळपासून दुकानात एक टाका सरळ पडलेला नाही. तोआननं ठोकून दिलेलं सगळं खरं निघालं, आणि ते माझ्याआधी त्याच्या तोंडून आलं. हे मी त्याला जन्मात माफ करणार नाही.