हळू जेवणारा पाहुणा

आई, तुझ्या सुनेविरुद्ध एक तक्रार दाखल करायची आहे. तिने माझा चहाचा कप वेगळा केला. नुसता वेगळा नव्हे, त्याच्या कानावर लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला आणि तो विसळायला निराळी जागाही नेमून दिली. मी शास्त्राधार मागितला. म्हटलं, "अगं, हा जंतू हवेतून जातो, कपबशीतून नाही. माझ्या आईने उभं आयुष्य त्याच्याकडे बघण्यात घालवलं." त्यावर, "अहो, त्यांनी काचेखाली बघितला. तुम्ही घरी घेऊन आलात," एवढं बोलून तिने कप माझ्यापुढे ठेवला. आपल्या घरात वाद बायकांनीच जिंकायचा ही परंपरा तुझी, म्हणून तक्रारही तुझ्याकडेच.

तर, मला क्षय झाला आहे. तू हा शब्द घरात कधी कुजबुजून उच्चारला नाहीस, म्हणून मीही तो स्पष्ट लिहितो.

सदाशिव पेठेतल्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावरची तुझी प्रयोगशाळा मला आठवते. मे महिन्याची सुट्टी आहे, मी उंच स्टुलावर पाय लोंबकळवत बसलो आहे आणि तू अंडी फोडते आहेस. आपल्या स्वयंपाकघरात अंडं कधी आलं नाही. इथे तू एकामागून एक फोडून, गाळून, त्यात हिरवा रंग कालवून बाटल्या भरते आहेस. "हे कुणाला?" "क्षयाच्या जंतूंना. त्यांना हेच मानवतं." "आणि आपलं सोवळं?" "ते पाहुणे आहेत. पाहुण्याला लागेल ते वाढायचं आणि तो काय करतो ते बघायचं." हिरवा रंग कशाला, तर म्हणे इतर जंतू फार घाईचे, वीस-वीस मिनिटांत एकाचे दोन होतात; हा दिवसातून जेमतेम एकदा. हा पंगतीत मांडी घालून बसेपर्यंत बाकीच्यांनी पातेलं खरवडलेलं असतं. तो रंग घाईवाल्यांना दारातच अडवतो, याला मात्र सोसतो. मग सहा-आठ आठवडे वाट बघायची. मी विचारलं, "इतका मंद, तरी माणसं कशी मारतो?" तू बाटलीला बूच लावत म्हणालीस, "मंद आहे म्हणूनच. छातीत शिरतो आणि ज्या पेशी त्याला गिळायला येतात त्यांच्याच पोटात बिऱ्हाड थाटतो. वर्षानुवर्षं गप्प बसेल. माणूस थकला की उठेल." मला त्या जंतूबद्दल तेव्हा आदर वाटला होता. आता तो थोडा कमी झाला आहे.

आणि तुझी ती बोलणी. घसा सुजल्यावर डॉक्टरांनी सात दिवसांच्या गोळ्या दिल्या, मी तीन दिवसांत बरा झालो आणि उरलेल्या कंपासपेटीत दडवल्या. तुला सापडल्या. "बरं वाटलं म्हणून थांबवल्या," मी म्हणालो. तू आवाज न चढवता विचारलंस, "तुला बरं वाटलं, हे जंतूंना कुणी कळवलं?" मग पोळी लाटता लाटताच सांगत होतीस, की आधी मरतात ते दुबळे, उरतात ते चिवट, त्यांना आता घर मोकळं, अन्न तेच आणि ताटाला वाटेकरी कुणी नाही. मी रुसून जेवलो नाही. तू आग्रह केला नाहीस.

इतकं सगळं ऐकूनही बावन्नाव्या वर्षी मी नेमकं तेच केलं. सहा महिन्यांचं औषध होतं. दोन महिन्यांत खोकला थांबला, वजन वाढलं, शेजारी म्हणू लागले, "सर, तब्येत सुधारली हो!" गोळ्यांनी मात्र सकाळभर मळमळायचं. मी आधी एक दिवसाआड घेऊ लागलो, मग आठवड्यातून दोनदा, आणि तिसऱ्या महिन्याच्या अखेरीस व्रताचं उद्यापन करून मोकळा झालो. संस्कृतच्या वर्गात मुलांना बजावणारा मी, की अर्ध्यावर सोडलेलं पठण म्हणजे न केलेलंच. घरी विचारलं की म्हणायचो, "घेतली."

आता पुढचं. तुझी नात माझ्याकडे संथा घेते. मी एक चरण एकदा म्हणायचा, तिने दोनदा; समोरासमोर, गुडघ्याला गुडघा लावून, मोकळ्या आवाजात, कारण पुटपुटलेलं पठण मला खपत नाही. आजारपणात ते बंद होतं. 'बरा' झाल्यावर मीच पुन्हा सुरू केलं. आळंदी रस्त्यावरचे हॉर्न स्वर बिघडवतात म्हणून विश्रांतवाडीच्या या घराच्या खिडक्या मीच लावून घ्यायचो. रोज तासभर, बंद खोलीत, छाती भरून. जंतूला यापेक्षा चांगली सोय तुझ्या बाटलीतही नव्हती.

खोकला परत आला. नवी तपासणी झाली. आधीची मुख्य गोळी आता त्याच्यावर चालत नाही. डॉक्टरीणबाई माझ्या विद्यार्थिनींच्या वयाच्या. तुझी सून बाहेर बसली होती तेव्हा त्यांनी विचारलं, "सर, किती दिवस गोळ्या चुकल्या?" "साधारण..." "साधारण नको सर, खरं सांगा." खरं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत, नुसतं लिहून घेतलं. आता नव्या गोळ्या आहेत, जास्त आहेत, आणि आधीच्या यांच्यापुढे खडीसाखर म्हणाव्यात. मळमळतं, कानात गुणगुणतं, पाय बधिर होतात. घेतो. रोज नऊ वाजता, तुझ्या सुनेसमोर, तोंड उघडून दाखवून. कॉलेजातून रजा काढली आहे, खिडक्या सताड उघड्या आहेत, माझं पठण गच्चीवर कावळ्यांना ऐकवतो. या वेळी एकही गोळी चुकणार नाही. तो चिवट आहे, पण मीही तुझा मुलगा आहे.

पण तुझी नात सोमवारपासून खोकते आहे. उद्या तिचा अहवाल. ती हसून म्हणते, "बाबा, साधी सर्दी आहे हो." तुझी सून येईल-जाईल त्याला सांगते, "हल्लीची औषधंच हलकी. यांनी एवढी नेमाने घेतली तरी उलटला." आणि मी मान डोलावतो. बिचाऱ्या औषधाला बोल लागू देतो.

हे पत्र तुला पोचायचं नाही, म्हणूनच लिहायला जमलं. लेक कॉलेजातून पाच वाजता येईल, तेव्हा हेच सगळं तिला तोंडाने सांगायचं ठरवलं आहे. मला माझ्या मरणाची फारशी भीती नाही. भीती ही आहे, की तिच्या छातीत तो असलाच, तर माझ्या अर्धवट गोळ्या पचवून तयार झालेलाच असेल. आणि तो कुणी दिला हे तिला अजून ठाऊक नाही.