यायला चार तास, जायला एक

अंबरनाथ (पूर्व)
८ जानेवारी १९८९

चि. दिनानाथ यास ताईचा सप्रेम जयभीम. वि. वि.

मस्कत ते मुंबई विमानाने अवघे अडीच तास, हे तुझ्या पत्रात पुन्हा वाचलं. चार वर्षांत सहाव्यांदा. म्हणजे नागपूरसुद्धा तुझ्यापेक्षा लांब. नागपूरचे मामा मात्र वर्षातून दोनदा येऊन जातात. जवळच्या माणसाला कसली घाई, नाही का?

आईच्या दोन्ही डोळ्यांतला मोतीबिंदू पुरता पिकलाय. परवा तिने चहात साखरेऐवजी मीठ घातलं आणि मी तो मुकाट प्यायले. उल्हासनगरचे सिंधी डॉक्टर म्हणाले, आता थांबलात तर उशीर होईल. आई म्हणते, पट्टी सुटेल तेव्हा समोर दिनाच हवा, नाहीतर ऑपरेशन नको. दर रविवारी बदलापूरला जाऊन मी तिच्यापुढे डोकं फोडते.

शेजारच्या सुदामभाऊंचा जावई मस्कतहून आला, तर आईने त्याचं तिकीट माझ्याकडून वाचून घेतलं. तिकडून दहाला निघालं की इथे दोनला. इथून दहाला निघालं की तिकडे अकराला. दोन गावच्या घड्याळांतला फरक मी समजावून सांगितला. तिने ऐकून घेतला आणि निकाल दिला: घरी यायला चार तास, घर सोडून जायला एकच. पोरगा येईल कसा?

साहेबांना सवड झाली तर दोन ओळी खरडाव्यात. थोडा लोभ इकडेही वळवावा.

तुझी ताई,
कुमुदिनी


मस्कत
२९ जानेवारी १९८९

ती. ताईस दिनानाथचा सविनय जयभीम. वि. वि.

तुझं पत्र पोचायला अठरा दिवस लागले. विमानाने आलं म्हणतात. मला वाटतं चालत आलं. आईला सांग, तिचं गणित इथल्या पायलटांपेक्षा बरोबर आहे.

थट्टा पुरे. ताई, माझा पासपोर्ट मालकाच्या कपाटात आहे. करार दोन वर्षांपूर्वीच संपला. मागायला गेलो की तो ‘बुकरा’ म्हणतो. बुकरा म्हणजे उद्या. इथला उद्या दोन वर्षं चाललाय. अडीच तास असं लिहिलं की मलाच जरा बरं वाटायचं, म्हणून लिहीत गेलो.

आईला यातलं काही कळवू नकोस. रजा नाही एवढंच सांग, आणि ऑपरेशन करून घ्यायला लाव.

रागाने का होईना, आठवण ठेव.

तुझा,
दिना


अंबरनाथ (पूर्व)
५ मार्च १९८९

चि. दिना, सप्रेम जयभीम. वि. वि.

तुझं ऐकलं नाही. आईला पत्र जसंच्या तसं वाचून दाखवलं. वाटलं, रडेल. तिने आधी तुला टोमणे मारल्याबद्दल मला झापलं. चूक माझीच होती, माफ कर. मग म्हणाली, त्याला यायचंय पण सोडत नाहीत, तर मी अडून कुणाचं भलं करतेय? उद्याच डॉक्टरांकडे चल.

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. तू तिथल्या वकिलातीत अर्ज दे. लाजू नकोस.

काल पट्टी सोडली. समोर मीच होते. बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, अगं कुमे, तुझे केस पांढरे कधी झाले? मग स्वतःशीच म्हणाली, त्याच्या वाटेकडे बघता बघता तुझ्याकडे बघायचंच राहिलं.

मला रडू आवरेना, दिना. मी तर तिच्यापासून एकाच स्टेशनाच्या अंतरावर राहते रे.

सुखरूप ये, एवढंच मागणं.

तुझी,
ताई