डाव्या पायाची करंगळी

मंगळवार, संध्याकाळ

डाव्या पायाची करंगळी अजून बधिरच आहे. वडिलांचंही असंच सुरू झालं होतं. साखरेच्या आजारानं त्यांचा पाय कापावा लागला. डॉक्टरकडं जायचा धीर होत नाही, म्हणून आज जालना रोडवरच्या चिनी फूट मसाजला गेलो.

मसाज करणाऱ्या मावशी पिशोरच्या, आईच्या वयाच्या. त्यांनी पायाला हात लावताच मी पाय मागं ओढला आणि वाकून त्यांनाच नमस्कार केला. दोनदा.

"आरं बाळा, असा सारखा पाया पडलास तर मी दाबू कधी?" त्या हसल्या.

तळव्याची एकेक जागा दाबत सांगत होत्या, ही काळजाची, ही मूत्रपिंडाची. करंगळीपाशी विचारलं, "लागतंय का?"

व्हय म्हणालो. का म्हणालो? लागायलाच पाहिजे होतं ना.

"डोळे मिट. आता?"

"लई लागतंय, मावशी."

मी डोळे उघडले, तर त्यांचे दोन्ही हात त्यांच्याच मांडीवर.

"दवाखान्यात जा रं," एवढंच म्हणाल्या.

घरी आईनं विचारलं, "आराम पडला का?" मी मान हलवली. "देव पावला," म्हणाली, आणि किती दिवसांनी पोटभर जेवली.

आता तिला कोणत्या तोंडानं सांगू?