दहापट संथ

ता. ४ मार्च

ती. ताईस,
सा. न. भावजींनाही, पण जरा कमी वाकून.

कॉलेज अर्धवट सोडून मी करतो काय, असं विचारतेस. वटवाघळाची ओरड टेपवर घेतो. आमच्या प्रयोगशाळेत दयाळ पक्षी आणि वटवाघूळ यांच्या आवाजांची तुलना चालली आहे. दयाळ तिच्याकडे (ती म्हणजे तीच, पुन्हा विचारू नकोस), वटवाघूळ माझ्याकडे. दयाळ म्हणजे लग्नाळू गवई. मादी दिसली की तारेवर बसून गळा काढतो आणि सगळे माना डोलावतात. माझा प्राणी स्वतःच्या ओरडीवर अंधारात वाट काढतो, पण ती माणसाच्या कानाला ऐकूच येत नाही. टेप दहापट संथ केली तरच कळते.

काल तिने चुकून माझीच संथ टेप लावली. डोळे मिटून म्हणाली, हा दयाळ सगळ्यांत गोड. मी सगळ्यांदेखत म्हणालो, बाईसाहेब, हे वटवाघूळ आहे. कान आहेत की डूल अडकवायच्या खुंट्या? मोठे सर फिदीफिदी हसले. ती उठून गेली, आज आलीच नाही. न येवो. असले कान मला नकोत.

लोभ मला, उपदेश भावजींना.
तुझा धाकटा

ता. ९ मार्च

चि. धाकट्यास आशीर्वाद, आणि पाठीत एक धपाटा.

गाढवा, ती तुझ्या टेपला गोड म्हणाली आणि तू तिच्या कानांचा उद्धार केलास! तुझे भावजी म्हणाले, वटवाघूळ ओरडतं आणि परत काय येतं ते ऐकतं. आपले साहेब ओरडतात आणि पळतात. कॉलेजातूनही असाच पळालास. काय तर म्हणे, शिकवणारे मूर्ख. जा, माफी माग, आणि दोन वर्षं तिच्यासाठी मनात कुढतोयस ते सांगून टाक. संथ.

जेवत जा. लोभ मी ठेवते, अक्कल तू ठेव.
ताई

ता. १५ मार्च

ती. ताईस,
सा. न. आज भावजींनाही पूर्ण वाकून.

तिच्या घरी गेलो. दारातच माफी मागितली, मग बाकीचं सांगितलं. तिने मधे न तोडता ऐकलं. म्हणाली, माफी घेते, बाकीचं नको. मी निघताना तिने माझी ती संथ टेप मात्र मागून घेतली.

समोर भिंत होती, ताई. कळलं, म्हणून वळलो. येताना कॉलेजातून परीक्षेचा अर्ज आणलाय. शिकवणारे अजून मूर्खच आहेत.

लोभ कमी करू नकोस, सध्या लागतोय.
धाकटा